खोक्यावरचा आकडा आणि रात्रीचं मशीन: एका घराने एअर प्युरिफायर कसा निवडला

हे माझ्या मावसबहिणीच्या घरचं प्रकरण आहे. तिला विचारून लिहितेय, नावं गाळलीयेत, आकडे मात्र तेव्हा वहीत लिहून ठेवलेलेच आहेत. एकदा चुकीच्या पद्धतीने निवडलेलं मशीन आणि मग नीट मोजून निवडलेलं मशीन, या दोन्हीच्या मध्ये काय काय झालं ते सविस्तर सांगते, कारण प्युरिफायर घेताना जवळपास सगळेजण ज्या आकड्याकडे बघतात तो आकडा रात्री झोपल्यावर खराच नसतो, आणि ही गोष्ट आम्हाला खूप उशिरा कळली.

पार्श्वभूमी

घरात चौघं. ताई, दाजी, त्यांची ७ वर्षांची मुलगी आणि दाजींची आई. मुलीला दमा आहे, इनहेलर चालू आहे, तरी रात्री दोन-तीनच्या सुमाराला खोकल्याने उठायची, आठवड्यातून चार-पाच रात्री. घर वाहत्या रस्त्याला लागून, त्यामुळे धूळ आणि गाड्यांचा धूर दोन्ही. ताई, दाजी आणि मुलगी एकाच बेडरूममध्ये झोपतात, आजींची खोली वेगळी.

बेडरूम १२ बाय १३ फूट, छत साडेनऊ फुटांवर. म्हणजे १५६ चौरस फूट, आणि आतली हवा साधारण ४२ घनमीटर. हा ४२चा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्याच्यावरच आहे. हॉल २५२ चौरस फुटांचा.

पहिली खरेदी आणि अडचण

दाजींनी पहिलं मशीन आणलं तेव्हा त्यांनी अजिबात घाई केली नव्हती हे आधी सांगते. तीन मॉडेल शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तिन्हींत हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा फिल्टर, आहे ना बघितलं, एकात एच१३ होता, एकात त्याच्या वरच्या दर्जाचा एच१४, आणि किती चौरस फुटांना पुरेल ते बघितलं. हॉल आणि बेडरूम मिळून ४०८ चौरस फूट होतात, खोक्यावर ५०० लिहिलंय, म्हणजे दोन्हीला पुरून उरेल असा हिशोब केला आणि मशीन हॉलमध्ये ठेवलं. कुणीही असाच हिशोब करेल.

तीन आठवडे झाले, खोकला तसाच. मग मशीन बेडरूममध्ये आणलं, ऑटो मोडवर टाकलं, डिस्प्लेवर हिरवा दिवा आणि पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा, आकडा ८, ९ असा छान दिसायचा, आणि पोरगी तरी उठायचीच. तेव्हा ताईचा मला फोन आला, की हे मशीन बोगस आहे का, आयोनायझरवालं घेऊ का, त्यात फिल्टर बदलायची पण भानगड नाही म्हणे.

मी म्हटलं, थांब, काही घेऊ नकोस. माझ्याकडे पीएम २.५ मोजायचा एक छोटा मीटर होता तो घेऊन गेले.

मोजल्यावर काय दिसलं

सगळ्यात आधी मीटर उशीशेजारच्या टेबलावर ठेवला, मशीनपासून लांब. मशीनच्या डिस्प्लेवर ८ असताना उशीपाशी १८ येत होते. मशीनमध्ये खोट काही नव्हती, त्याचा सेन्सर त्याच्याच पोटात असतो, आणि आत्ताच गाळून बाहेर टाकलेली हवा फिरून त्याच्याच आसपास येते, त्यामुळे त्याला वाटतं खोली स्वच्छ झाली आणि ऑटो मोड पंखा एकदम हळू करून टाकतो.

मग खोक्यावरचे ५०० चौरस फूट कुठून आले ते तपासलं. मॅन्युअलमध्ये सीएडीआर २५० घनमीटर प्रति तास असं होतं. सीएडीआर म्हणजे मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, आणि प्युरिफायरची तुलना करताना पहिल्यांदा बघायचा असेल तर तो हाच. ५०० चौरस फूट गुणिले साडेनऊ फूट उंची म्हणजे जवळपास १३५ घनमीटर हवा. २५०ला १३५ने भागा, तासाला दोनदासुद्धा हवा गाळून होत नाही. पाचदा तरी व्हायला हवी. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ साली माणसांचा वावर असलेल्या खोल्यांसाठी तासाला ५ किंवा जास्त वेळा स्वच्छ हवा मिळावी असं म्हटलंय, आणि तिथल्या घरगुती उपकरण बनवणाऱ्यांच्या संघटनेचा, एएचएएमचा, जो ठोकताळा आहे तोही जवळपास तिथेच येतो. तो असा, की खोलीच्या चौरस फुटांच्या दोन तृतीयांश इतका धुराचा सीएडीआर हवा, घनफूट प्रति मिनिटमध्ये. म्हणजे या बेडरूमला १०४. १.७ने गुणलं की घनमीटर प्रति तास मिळतात, १७७. पण तो ठोकताळा ८ फुटी छत धरून आहे, इथे छत साडेनऊला, तेवढं वाढवलं की २१०. आणि ४२ गुणिले ५ केलं तरी २१०च. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला तेव्हा दाजींचा या गणितावर विश्वास बसला.

आता दाजी म्हणाले, मग २५० आहे की, २१०पेक्षा जास्तच, बेडरूमला तरी पुरायला हवं. बरोबर. खरी मेख पुढेच होती. सीएडीआर मोजतात तो मशीन पूर्ण वेगाने चालवून. आणि पूर्ण वेगात हे मशीन ५६ डेसिबल आवाज करत होतं, फोनच्या ॲपने मोजलेला आहे म्हणजे अंदाजेच धरा, पण त्या आवाजात कुणी झोपू शकत नाही, लहान मूल तर नाहीच. झोपायच्या वेळी ते स्लीप मोडवर जायचं. स्लीप मोडला सीएडीआर किती, हे मॅन्युअलमध्ये कुठेच नव्हतं.

म्हणून मोजलं. कृती सोपी आहे. मुलगी आजींबरोबर बाहेर, दार-खिडकी बंद, छताचा पंखा हळू, म्हणजे हवा मिसळलेली राहते. मेणबत्ती पेटवून विझवायची, तिचा धूर खोलीत पसरून मीटर २००च्या वर गेला की तिथून २००चे १०० व्हायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. प्रत्येक वेगाला एकदा, आणि मशीन बंद ठेवूनही एकदा, कारण थोडी धूळ आपोआप खाली बसते आणि फटींतून बाहेर जाते, ती मशीनच्या खात्यात धरायची नाही.

मशीन बंद: ५८ मिनिटं. पूर्ण वेग: साडेसहा मिनिटं. मधला वेग: साडेदहा मिनिटं. स्लीप मोड: १९ मिनिटं.

०.६९३ला (निम्मं होण्याच्या गणितातला हा ठरलेला आकडा) तासांमधल्या वेळेने भागायचं, त्यातून मशीन बंद असतानाचा आकडा वजा करायचा आणि ४२ने गुणायचं. पूर्ण वेगाला २४०च्या आसपास आले, म्हणजे कंपनीने आकडा खोटा दिलेला नव्हता. मधल्या वेगाला १३६, पण आवाज ४५ डेसिबल. स्लीप मोडला ६२. फक्त ६२! हवे होते २१०. ऑटो मोड तर रात्री याच्याही खाली जात होता.

म्हणजे पोरगी ज्या आठ-नऊ तासांत त्या खोलीत असते नेमक्या त्याच तासांत मशीन आपल्या ताकदीच्या पाव हिश्श्याने चालत होतं. हे कळल्यावर ताई काही वेळ नुसती गप्प बसली.

कोणते पर्याय होते

आयोनायझर. हा मी पहिल्यांदा बाद केला. हवेतल्या कणांना विद्युतभार देऊन ते भिंतीवर नाहीतर प्लेटवर चिकटवायचे ही कल्पना, पण यातली काही मशीनं ओझोन तयार करतात, आणि ओझोन श्वासनलिकेला त्रासदायक, दम्याच्या पेशंटला तर जास्तच. कॅलिफोर्नियात घरातल्या एअर क्लीनरमधून येणाऱ्या ओझोनवर ०.०५० पीपीएमची (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) कायदेशीर मर्यादा आहे ती उगाच नाही. ज्या मशीनमध्ये आयोनायझर बंद करता येतो ते चालेल, बंद करता येत नसेल तर नको. यूव्ही दिव्याचंही तसंच, धूळ आणि धुराला त्याने काही होत नाही.

एच१४ फिल्टरवालं मशीन. यावर दाजींचा फार भर होता, तो ९९.९९५ टक्के कण पकडतो म्हणजे एच१३च्या ९९.९५पेक्षा भारीच ना. फिल्टर म्हणून भारी आहेच. पण खोलीतली हवा मशीनमधून पुन्हा पुन्हा जात असते, एकदाच नाही. समजा एक फिल्टर जवळपास सगळे कण पकडतो पण तासाला ६० घनमीटर हवाच घेतो, आणि दुसरा ८० टक्केच पकडतो पण २०० घनमीटर घेतो. पहिल्याने ६० घनमीटर स्वच्छ हवा दिली, दुसऱ्याने १६०. खोली दुसराच लवकर साफ करणार. एच१३ आणि एच१४ मधला फरक तर ऑपरेशन थिएटरसारख्या ठिकाणी कामाचा, बेडरूममध्ये तो जाणवणारसुद्धा नाही. बघायचं इतकंच की खरोखर हेपा आहे ना, नुसतं 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' असं लिहून सोडून दिलेलं नाही ना. अजून एक गैरसमज इथेच निघाला. ०.३ मायक्रॉनपर्यंतचेच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण अडतात आणि त्याहून बारीक सुटून जातात असं दाजींना वाटत होतं. उलट आहे. साधारण ०.३च्या आसपासचा कण पकडायला सगळ्यात अवघड, म्हणून चाचणीत तो घेतात, त्याहून बारीक कण हवेत वेडेवाकडे भरकटत जातात आणि तंतूंना जास्त सहज धडकतात.

घरी बनवलेला डबा. चार चांगले फिल्टर उभे चिकटवायचे आणि वर एक चौकोनी पंखा. २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्यामुळे हा प्रकार लोकांपर्यंत गेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हवा भरपूर गाळतो, खर्च कमी. ताईला तो बेडरूममध्ये नको होता, जागा खातो आणि मुलगी पंख्यात काहीतरी घालेल ही भीती. आम्ही तो दोन मिनिटांत बाजूला सारला. हॉलसाठी तरी त्याचा विचार करायला हवा होता.

अजून एक तसंच छोटं मशीन. हा पर्याय दिसतो त्यापेक्षा चांगला होता. दोन मशीनं स्लीप मोडवर म्हणजे १२४, आणि आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबल वाढतो. पण १२४ म्हणजे तासाला तीनदा, दोन फिल्टर बदलत बसायचे, आणि आजींच्या खोलीत काहीच राहत नाही.

मोठं मशीन घेऊन ते हळू चालवणं. शेवटी हेच ठरलं. पूर्ण वेगाला ४८० सीएडीआर, म्हणजे या खोलीच्या गरजेच्या दुपटीहून जास्त, कागदावर बघितलं तर उधळपट्टी वाटेल. पण कंपनीने चारही वेगांचे सीएडीआर आणि आवाज तक्त्यात छापले होते, आणि दुसऱ्या वेगाला २०५, आवाज ३६ डेसिबल. आम्ही मशीन ४८० साठी घेतलं नाही, या २०५ साठी घेतलं. वेगवार आकडे छापणारी कंपनी सापडायला दोन दिवस गेले, बाकीच्या सगळ्यांनी पूर्ण वेगाचा सीएडीआर आणि सगळ्यात हळू वेगाचा आवाज शेजारी शेजारी छापलेला. वाचणाऱ्याला वाटतं की दोन्ही एकाच वेळी मिळतात, आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण दम्याचं मूल घरात असलेले आईबाप तेवढंच वाचून निर्णय घेतात.

घेण्याआधी पाच वर्षांचा खर्चही मांडला. छोट्या मशीनचा फिल्टर दर सहा महिन्यांनी बदलायला सांगितलाय, मोठ्याचा वर्षाने, आणि मांडून बघितल्यावर दोन्हींच्या एकूण खर्चातला फरक नुसत्या किमतींमधल्या फरकाइतका मोठा राहिला नाही. विजेची काळजी करायची गरज नव्हती. दुसऱ्या वेगाला मशीन १८ वॅट घेतं, रात्रीचे १० तास धरले तरी ०.१८ युनिट.

प्रत्यक्षात काय केलं

मोठं मशीन बेडरूममध्ये, पलंगापासून थोडं लांब, भिंतीपासून फूटभर पुढे, पडद्याच्या मागे नाही. ऑटो मोड बंद. झोपायच्या अर्धा तास आधी पूर्ण वेग, मग रात्रभर दुसरा वेग. छोटं मशीन आजींच्या खोलीत गेलं.

नव्या मशीनचीही मेणबत्तीची चाचणी केली. दुसऱ्या वेगाला साडेसात मिनिटं लागली, म्हणजे साधारण २०३. छापलेल्या २०५च्या इतकं जवळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ताईने गादी-उशीला धुळीतल्या किड्यांसाठीची घट्ट विणीची कव्हरं घातली, चादरी ६० अंशाच्या पाण्यात धुवायला लागली, आणि कोरडा झाडू बंद करून ओल्या फडक्याने पुसायला सुरुवात केली. हे प्युरिफायर करू शकत नाही. या किड्यांच्या विष्ठेचे कण जड असतात, हलवले की उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात, मशीनपर्यंत पोचतच नाहीत. झोपणाऱ्याचं नाक मात्र थेट उशीवर असतं.

दाजींची एक अपेक्षा फोल ठरली. बेडरूममध्ये नवीन कपाट होतं, त्याच्या पॉलिशचा वास येत होता, तो कार्बन फिल्टर घालवेल असं त्यांना वाटलं. घरगुती मशीनमध्ये बहुतेकदा कार्बनचा एक पातळसा थर असतो, तो लवकर भरून जातो. वास आणि वायूंसाठी कार्बन किलोमध्ये लागतो. तो वास दिवसा खिडकी उघडी ठेवून ठेवून गेला.

मधेच एक नवीन प्रश्न

नवं मशीन आल्यावर ताईने उत्साहाने खिडकीच्या सगळ्या फटी बंद केल्या. आकडे सुंदर यायला लागले, उशीपाशी ६. पण पाचव्या-सहाव्या दिवसापासून सकाळी डोकं जड, खोलीत कोंदट. एका मैत्रिणीकडून कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणला, पहाटे पाचला १८५० पीपीएम. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० असतो. तीन माणसं रात्रभर श्वास सोडतायत आणि प्युरिफायर हा वायू अजिबात काढत नाही, कुठलाच घरगुती प्युरिफायर काढत नाही.

इथे दाजी आणि ताईचं चांगलंच वाजलं. दाजींचं म्हणणं, खिडकी उघडायची तर मशीन कशाला आणलं. ताईचं म्हणणं, मुलीला कोंडून ठेवायचं नाहीये. दोघांचंही चूक नव्हतं. मग एक रात्र दोन बोटं खिडकी उघडी ठेवून दोन्ही मीटर लावले. कार्बन डायऑक्साइड ११५०वर आला, आणि पीएम २.५ ६वरून १०वर गेला. आम्ही १० स्वीकारले. बाहेर धूर जास्त असेल त्या रात्री खिडकी बंद आणि बेडरूमचं दार उघडं, असं ठरलं.

काय निष्पन्न झालं

बाहेर पीएम २.५ दर घनमीटरला साधारण ६० मायक्रोग्रॅम असलेल्या रात्रीच तुलनेला घेतल्या, नाहीतर हवाच बदलली आणि श्रेय मशीनला दिलं असं होतं. उशीपाशी मशीन नसताना ४२, जुनं मशीन हॉलमध्ये असताना ३७, तेच बेडरूममध्ये ऑटो मोडवर १८, नवं मशीन बंद खिडकीत ६, आणि दोन बोटं उघड्या खिडकीत १०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची २४ तासांची मर्यादा १५ आहे, तेवढा अंदाज यावा म्हणून सांगते. असे छोटे मीटर दमट हवेत आकडा फुगवून दाखवतात, म्हणून मी एकेका आकड्यापेक्षा एकाच मीटरने, एकाच जागी घेतलेल्या आकड्यांमधला फरक जास्त महत्त्वाचा मानते.

खोकल्याच्या रात्री आठवड्याला चार-पाचवरून दोन महिन्यांत एक-दोनवर आल्या. औषध तेच चालू होतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावला नाही, आणि वही त्यांनाही दाखवली.

पुन्हा करायचं झालं तर

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की मशीन, गादीची कव्हरं आणि ओलं पुसणं एकाच आठवड्यात सुरू केलं. त्यामुळे खोकला नेमका कशाने कमी झाला हे आज सांगता येत नाही. ताईच्या जागी मीही थांबले नसते, पोर रात्री घुसमटत असताना कोण आठवडे मोजत बसेल, पण निदान कव्हरं आधी घालून पंधरा दिवस वाट बघता आली असती, ती कुठल्याही मशीनपेक्षा स्वस्त आहेत. कदाचित मग जुन्या मशीनला अजून एक जोडून भागलं असतं.

दुसरं, मशीन घ्यायच्या आधी मीटर घ्यायला हवा होता. दाजींनी पहिल्या तीन मॉडेलमध्ये जे जे पाहिलं त्यातलं काहीच खोटं नव्हतं, फक्त ज्या वेगात झोप लागते त्या वेगात किती हवा, हा प्रश्न विचारायचा राहिला. दुकानात हे विचारलं तर सहसा उत्तर मिळत नाही, पण परत करायची मुदत किती दिवसांची ते विचारता येतं, आणि त्या मुदतीत मेणबत्तीची चाचणी घरी करून होते. आम्ही पहिल्या मशीनच्या वेळी ती मुदत हॉलमध्येच घालवली.

आणि फिल्टर. मशीनवरचा फिल्टर बदला असा दिवा बहुतेक वेळा नुसते चाललेले तास मोजतो, फिल्टर खरंच किती भरलाय ते त्याला कळत नाही. म्हणून ताईने त्या साडेसात मिनिटांची चिठ्ठी मशीनच्या मागे चिकटवलीये. दर तीन महिन्यांनी तीच खोली, तोच मीटर, तोच दुसरा वेग, परत मेणबत्ती. पंधरा दिवसांनी पुढची जाळी व्हॅक्यूमने साफ करते ते वेगळं. परवाच्या चाचणीत पावणेआठ मिनिटं आली. दहाच्या पुढे गेली की फिल्टर बदलायचा असं ठरलंय.